साडेतीन ते चारची जागा

आक्का, आज दुपारी तीनला पाच कमी असताना तुमच्या दाराची कडी वाजली. माझ्या नाही, तुमच्या. आपल्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं तुमची कडी, तुमचा स्टोव्ह, तुमचा खोकला, सगळं मला सतरा वर्षं घरबसल्या ऐकू येत आलंय. मी जरा लवंडले होते. सकाळची शाळा करून आलं की दुपारी अंग जड होतंच. त्या अर्धवट झोपेत मला वाटलं, आता आक्का उठतील, गुडघ्यावर हात टेकून ‘देवा रं’ म्हणतील, अनवाणीच दाराकडं जातील. कडी परत वाजली. तिसऱ्यांदा वाजली. मग कुठं आठवलं, की मंगळवारी आम्ही तुम्हाला माती देऊन आलो.

बाहेर आले तर तुमच्या पायरीवर वत्सलामावशी. छातीशी वाकळ धरलेली. “सवयीनं इकडंच आले बघ गं,” म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला काही विचारलंदेखील नाही त्यांनी. माझ्या दोन्ही हातांवर वाकळ ठेवली, “सलाम बाई” म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसत निघून गेल्या.

मी आत येऊन ती मांडीवर घेऊन बसले. तीन ते साडेतीन तुमची प्रार्थनेची पाळी. साडेतीन ते चार माझी. चारच्या ठोक्याला ती सुमनबाईंच्या दारात पोचायला हवी. हातात अख्खा एक तास, आणि मी नऊ वर्षांत एक मिनिटसुद्धा प्रार्थना केलेली नाही. तुम्हीच मला या भानगडीत घातलंत आणि तुम्हीच निघून गेलात. रागच आला मला. खरं सांगते, आधी राग आला, रडू नंतर.

पहिला शुक्रवार आठवतो का तुम्हाला? नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माझं लग्न होऊन दहा दिवस झाले होते. हे शाहूपुरीतल्या दुकानात गेलेले. तुम्ही ही वाकळ घेऊन आलात. हातभर लांब, हातभर रुंद, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. मला वाटलं, माझी जाऊ एवढी उतावीळ, की दहाव्या दिवशीच बाळाचं अंथरूण घेऊन आली! मी लाजून आत पळाले. तुम्ही खो खो हसत माझ्या मागं स्वयंपाकघरात.

“अगं येडे, ही पोराला न्हाई. गुडघ्याला हाय!”

मग तुम्ही समजावून सांगितलंत. दर शुक्रवारी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत आपल्या चर्चच्या मंडळीतल्या चोवीस बायका एकेक अर्धा तास आपापल्या घरी प्रार्थनेला बसतात. एकीचं झालं की ती उठते आणि वाकळ दुसरीच्या दारात नेऊन देते. साखळी तुटता कामा नये. प्रत्येकीच्या एकेका साडीचा तुकडा वाकळेत आहे, आणि बसताना आपला तुकडा आपल्या उजव्या गुडघ्याखाली घ्यायचा. तुमचा हिरव्या इरकलीचा. “तुझी कुठली साडी फाडू?” असं विचारलंत, आणि मी तोंड उघडायच्या आत साखरपुड्याच्या अबोली साडीला कात्री लावलीत. मी दोन दिवस रुसले होते. अजूनही म्हणते आक्का, ती साडी फाडायची नव्हती.

तुम्ही गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, बोलण्यात कानडी मिसळलेलं. धाकट्या बहिणीला तुमच्याकडं तंगी म्हणतात. धाकटी जाऊ म्हणजे तंगीच, असं तुम्हीच ठरवून टाकलंत. माझं खरं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत. यांचे दादा माझ्या लग्नाआधीच गेलेले, तुम्हाला मूलबाळ नाही. धाकट्या दिराला तुम्ही पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्यांना ‘बाळ’ म्हणायचात, चाळिशीला आले तरी. दुकानातली माणसं घरी आली की ते कसे चेहरा लपवायचे!

तुमचं सगळं वेळेवर. आधी बायबलातलं वचन, मग चहा. शाळेतून उरलेसुरले खडूचे तुकडे मी आणायची आणि तुम्ही दर सोमवारी दाराच्या मागं एक वचन लिहायचात, थोराड, तिरप्या अक्षरांत. आठवडाभर येता-जाता वाचायचं, रविवारी पुसायचं, आणि पुसल्यावर म्हणून दाखवायचं. मी बाई शाळेत पोरांना पाठांतर विचारणारी, आणि घरी तुमच्यापुढं हात मागं बांधून उभी! अडखळले की तुम्ही भुवई वर करायचात. भाकरी थापतानासुद्धा तुमचं चालूच. एकेका भाकरीला एकेक नाव. पहिली बाळची, दुसरी माझी, तिसरी समोरच्या गवळ्याची, कारण त्याच्या म्हशीचा पाय मुरगळला होता. तव्यावर भाकरी टम्म फुगली की तुम्ही म्हणायचात, “पोचली!”

“आणि नाही फुगली तर?” मी एकदा विचारलं.

“तर दुसरी थापायची. पीठ संपलंय व्हय?”

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलंच नाही. मी म्हणायची, प्रार्थना मनातून आली पाहिजे. घड्याळ लावून केलेली कसली प्रार्थना! मन नसताना गुडघे टेकायचे म्हणजे सोंगच की. तुम्ही शेंगा फोडत फोडत ऐकून घ्यायचात. मग म्हणायचात, “मन यीस्तोवर गुडघं काय करत्यात गं? ते तर मोकळंच हाईत की.” मी चिडायची. तुम्ही माझ्यापुढं शेंगदाणे सरकवायचात. शिवाय तुम्ही स्वतः दुपारी तीनला बसायचात म्हणजे डुलक्या काढायचात. मी डोळ्यांनी पाहिलंय. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मात्र हलतायत. पकडलं तर म्हणालात, “झोप लागली, पर कुणाच्या पुढ्यात लागली ते बघ की.”

आणि ती एस.टी.! तुमच्या माहेरी निघालो होतो. स्टँडवर ही गर्दी. गडहिंग्लजची गाडी अजून थांबलीही नव्हती, तोवर तुम्ही खिडकीतून रुमाल आत टाकलात. आपण चढेपर्यंत एक फेटेवाला त्या सीटवर ऐसपैस बसलेला. तुम्ही पदर खोचलात.

“पावणं, रुमाल दिसत न्हाई व्हय?”

“रुमाल म्हंजी काय माणूस हाय?”

“माणूस यायलंय की माग्नं! तोवर रुमालच माणूस.”

सगळी गाडी हसली. तो बिचारा उठला. तुम्ही मला त्या जागेवर बसवलंत आणि स्वतः संकेश्वरपर्यंत दांडा धरून उभ्या. मी खिडकीला डोकं टेकून उसाची शेतं बघत होते, तुमच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या, आणि मला वाटत होतं, ही गाडी कुठंच पोचू नये. आजही कधीकधी दुपारच्या झोपेत मी त्या गाडीत असते. हे असतात, तुम्ही असता, आणि कुणालाच उतरायचं नसतं.

मग यांचं दुखणं आलं. चार महिने. त्या चार महिन्यांत चोवीस घरांतून दर शुक्रवारी यांचं नाव घेतलं गेलं. मीही घेतलं. तुमच्यापेक्षा जास्त घेतलं असेन. कधी नव्हे ते मन होतं, आक्का, सगळंच्या सगळं मन होतं, आणि गुडघेही होते. तरी हे गेले. माती देऊन आल्यावर चौथ्या दिवशी शुक्रवार. साडेतीनला तुम्ही वाकळ घेऊन दारात उभ्या. तुमचेही डोळे सुजलेले. तुमचं तर पोरच गेलं होतं, हे मला आज कळतंय, त्या दिवशी कळलं नाही. मी म्हटलं, “माझ्या दारात ही परत आणू नका. मी इतके दिवस कुणाशी बोलत होते तेच मला कळंना झालंय. माझं नाव काढून टाका.”

भाजीवाल्याशी, पाळकसाहेबांशी, कंडक्टरशी, कुणाशीही वाद घालणाऱ्या तुम्ही. मला वाटलं, आता ऐकवाल. तुम्ही वाकळेची घडी नीट केलीत आणि म्हणालात, “बरं.”

एवढंच. आणि तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मला वाटलं, नाव काढलं. मी महिला मंडळात जायचं सोडलं. रविवारी चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची, गीताला उभी राहायची, ओठ हलवायची. मला सोंगाचा एवढा राग, आणि आता मीच सोंग करत होते. तुम्ही पुढच्या बाकावरून एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत.

शुक्रवारच्या दुपारी मात्र मी भिंतीलगत पडलेली असायची. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही. कौलातून उन्हाची एक काडी यायची, तिच्यात धूळ तरंगायची. भिंतीपलीकडून तुमची पुटपुट. आधी पाळकसाहेबांचं कुटुंब. मग वत्सलामावशींचे डोळे. मग गवळी, त्याची म्हैस. मग कळंब्याच्या तुरुंगातली, ज्यांना भेटायला कुणी येत नाही ती माणसं. ती कोण होती, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं! मग शाळेतली माझी पोरं, पटावरच्या क्रमानं, कारण मीच कधीतरी तुम्हाला नावं सांगितलेली. ती पोरं मोठी होऊन कामाला लागली तरी तुमच्या यादीत अजून तिसरीतच. मला हसू यायचं. अर्ध्या तासानं पुटपुट थांबायची आणि पार शांत व्हायचं. मी म्हणायची, लागली वाटतं डुलकी. चारला कडी वाजायची, तुम्ही सुमनबाईंकडं निघायचात. माझी पाळीही आता तुम्हालाच दिली असणार, म्हातारपणी बरा एक तास झोपतायत, असं मी समजत होते. नऊ वर्षं हेच समजत होते.

आणि मग मागच्या वर्षीचा सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार. वेदीपुढं ऊस, भोपळे, नारळ मांडलेले. उपासना संपता संपता मंडळाच्या चिटणीसबाई उठल्या. साखळी प्रार्थनेत एकही शुक्रवार न चुकवणाऱ्या बहिणींचा सत्कार. पहिलं नाव तुमचं. दुसरं नाव माझं. सोळा वर्षं, एकही खाडा नाही!

टाळ्या वाजत होत्या. मागच्या बाकापासून वेदीपर्यंत मी कशी चालत गेले ते मला माहीत नाही. स्टीलचा डबा. झाकणावर माझं नाव कोरलेलं, साखळी प्रार्थना भेट म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, “इतकं दुःख सोसूनही बाईंनी नेम मोडला नाही.” मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही छताकडं बघत होतात!

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. “माझ्या नावावर खोटं? नऊ वर्षं? तेही देवापुढं?”

तुम्ही गॅसवरच्या दुधावर फुंकर घालत होतात. “देवापुढं कशाला? त्याला ठावंच होतं की. खोटं सुमनबाईला सांगितलं. दर शुक्रवारी वाकळ द्यायची आन म्हणायचं, तंगीनं पाठवलीया.”

“का पण?”

“रुमाल टाकलावता गं. तुझ्या जागंवर.”

“मी उतरलेय त्या गाडीतून, आक्का! तुम्हाला कळत कसं नाही? मला नकोय ती जागा.”

“बरं,” तुम्ही म्हणालात.

“आणि माझ्या नावानं मागत काय होतात इतकी वर्षं? कुणाला विचारून?”

तेवढ्यात दूध उतू गेलं. तुम्ही फडकं शोधायला लागलात आणि उत्तर राहून गेलं. मी तो डबा तुमच्या ओट्यावर आपटून निघून आले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या पायरीवर, आत शेंगदाण्याची चटणी. मी चटणी काढून घेतली, डबा घासला आणि परत केला. रिकामा. आपल्यात रिकामा डबा कुणी परत करतं का? दोन साखरेचे दाणे तरी घालतो. मी मुद्दाम रिकामा दिला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, जसं काही भरलेलाच आहे. पुढचे तीन महिने मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. त्या तीन महिन्यांतला मला एखादा दिवस परत मिळाला ना आक्का, तर मी तुमच्या ओट्यावर येऊन नुसत्या शेंगा फोडत बसेन.

दवाखान्यात शेवटच्या रविवारी तुम्ही निम्म्या झोपेत होतात. खिडकीतून ऊन तुमच्या पांघरुणावर आलेलं. मला वाटलं, ओळखत नाही. तुम्ही डोळे न उघडताच बोललात, जणू दूध आत्ताच उतू गेलंय.

“काय न्हाई मागितलं गं.”

“काय आक्का?”

“तुझ्या अर्ध्या तासात. काय न्हाई मागितलं. गप बसायची. तुझं बोलणं तू बोलशील की. मी मधी कशाला बोलू?”

मला खूप बोलायचं होतं. मी तुमची चादर नीट केली. “पाणी हवंय का?” असं विचारलं. एवढंच जमलं मला. आक्का, चुकलं माझं. डब्याचंही चुकलं, आणि ते तीन महिनेही. हे मी तिथंच म्हणायला हवं होतं. तुमचा हात माझ्या हातात होता, म्हणता आलं असतं.

तर आज. घड्याळात तीन वाजून दहा झाले होते. म्हटलं, तुमचा अर्धा तास वाया जायला नको, तुम्ही वर बसून भुवई उंच कराल. वाकळ पसरली, तुमचा इरकली तुकडा गुडघ्याखाली घेतला. काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि निघालं, पाळकसाहेबांचं कुटुंब. मग वत्सलामावशींचे डोळे. मग गवळी. तो म्हशी विकून पुण्याला गेला, तरी तो आणि त्याची म्हैस. मग कळंब्याची माणसं. मग तिसरीची पोरं, पटावरच्या क्रमानं, एकही नाव न गाळता. आवाजसुद्धा तुमचाच, हेल तुमचाच. मी कधी पाठ केलं नव्हतं. भिंतीपलीकडून नऊ वर्षं तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंत, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. मला हसू आलं. मग तिथंच हुंदका आला.

साडेतीन झाले. मी वाकळ फिरवली, माझा अबोली तुकडा वर काढला. तो त्यातल्या त्यात नवा असायला हवा होता. नऊ वर्षं त्याच्यावर माझा गुडघा टेकला नव्हता. तर तो चोवीस तुकड्यांत सगळ्यात झिजलेला. पार जाळी झालेली, आणि त्या जाळीवर इरकलीचा हिरवा दोरा काढून घातलेलं रफू. टाके तुमचे, थोराड आणि तिरपे. म्हणजे साडेतीनला तुम्ही जागा बदलून बसायचात. माझ्या तुकड्यावर, माझ्या जागी, गप. ती शांतता डुलकी नव्हती तर.

मी बसले. भिंतीपलीकडं आवाज नाही. उन्हाची काडी सरकत सरकत माझ्या हातावर आली. बराच वेळ मी गप्पच होते, तुमच्यासारखी. मग पहिलं वाक्य निघालं ते भांडणाचं. “यांना का नेलंस? चार महिने आम्ही सगळ्या ओरडत होतो, ऐकू आलं नाही का तुला?” अशी नऊ वर्षांची सगळी तक्रार बाहेर पडली, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तुम्हाला आवडलं असतं. उत्तर काही आलं नाही. पण मी रिकाम्या खोलीत बोलतेय असं वाटलं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. कुणीतरी ऐकून घेत होतं, मधी न बोलता. चारला दोन कमी असताना माझ्या तोंडून ‘आमेन’ निघालं आणि मी उठले. पायाला मुंग्या आलेल्या.

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. मला बघून चष्मा सारखा केला. मी वाकळ पुढं धरली. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं, पण तोंडातून आलं, “आक्कांनी पाठवलीय.”

त्यांनी वाकळ घेतली नाही लगेच. “नऊ वर्षं आक्का याच दारात म्हणायच्या, तंगीनं पाठवलीया,” त्या म्हणाल्या. “तुझ्या घराच्या खिडकीतून पंख्याखाली झोपलेली तू दिसायचीस गं येता-जाता. मी म्हणायचे, बरं.”

त्यांनी वाकळ घेतली, माझ्या अबोली तुकड्यावरून हात फिरवला.

“आता त्यांची पाळी कुणाला द्यायची? तीन ते साडेतीन? चिटणीसबाई मला विचारत होत्या.”

“कुणाला नको,” मी म्हटलं. “आक्कांचं नाव तसंच राहू दे.”

“अगं पण...”

“दर शुक्रवारी चारला वाकळ तुमच्या दारात येईल. आक्कांनी पाठवलीय, म्हणून सांगीन मी.”

सुमनबाईंनी वाकळ छातीशी धरली आणि म्हणाल्या, “बरं.”